पोहे विसरतात, मग राजवाड्याची आग कशी आठवते?

प्रश्न : सासूबाई ७४ च्या. सकाळी पोहे-जलेबी पोटभर खातात आणि अर्ध्या तासानं बाल्कनीतून शेजारणीला सांगतात की सून नाश्ता देत नाही, कॉलनीत तोंड दाखवायची पंचाईत झालीये. आणि १९८४ ला राजवाडा जळला तेव्हाचं विचारा, कोणाच्या गच्चीवर उभ्या होत्या, धूर कसा दिसत होता, सगळं सांगतील! नणंदबाई म्हणतात नाटक आहे. संध्याकाळ झाली की पिशवी घेऊन दाराशी, मला घरी सोडा. अल्झायमर निघालंय, डोनेपेझिल सुरू करून दोन महिने झाले, काहीच फरक नाही. बंद करू का?
- एक सून, इंदूर

उत्तर : आधी नणंदबाईंना सांगा, नाटक अजिबात नाही. मेंदूत खोल आत हिप्पोकॅम्पस म्हणून छोटासा भाग असतो, नवीन आठवण पहिले तिथे नोंदली जाते, आणि हा आजार बहुतेक वेळा त्याच्याच आसपास सुरू होतो. पेशींच्या बाहेर अमायलॉइड प्रोटीन साचतं, आत टाऊ प्रोटीनचा गुंता होतो, पेशी मरतात, मेंदू आक्रसत जातो. पोह्यांची नोंदच झाली नाही तर आठवणार काय? आग मात्र ४० वर्षांपूर्वीच पक्की बसलीये, ती इतक्यात जात नाही. आणि आत हे सगळं लक्षणं दिसायच्या १५-२० वर्षं आधीपासून चालू असतं, तेव्हा आपलं काय चुकलं हा विचार सोडा.

गोळी मनानं बंद करू नका. ती मेलेल्या पेशी परत आणत नाही, आठवणीला लागणारं एक केमिकल कमी पडतं ते जरा टिकवते, बस. सासूबाई काही महिने आहेत तशाच राहिल्या तरी मी त्याला फायदा म्हणेन. मळमळ, जुलाब, जेवण कमी होणं किंवा चक्कर असेल तर मात्र लगेच डॉक्टरांना सांगा, नाडी मंद होऊ शकते. बी-१२ आणि थायरॉइड तपासलंय ना? त्यानंही विसरायला होतं, आणि ते सुधारता येतं. लेकानेमॅब इंजेक्शनला अमेरिकेत २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, पण ते अगदी सुरुवातीच्या पेशंटसाठी, आजाराचा वेग थोडा कमी करतं, आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होतोय का बघायला वारंवार एमआरआय.

संध्याकाळी अंधार पडायच्या आधीच दिवे लावा. "अहो हेच तुमचं घर" म्हणून वाद घालू नका, त्यात तुमचाही जीव जातो आणि त्याही चिडतात. "घरी कोण कोण आहे हो?" विचारा, चप्पल घाला, कॉलनीत एक चक्कर मारून परत या, चहा टाका. नाश्ता मागितला तर "आत्ताच दिला" म्हणण्यापेक्षा वाटीभर सेव-परमल द्या. शेजारणीला एकदा नीट समजावून सांगा. आणि त्या पिशवीत तुमच्या मोबाइल नंबरची चिठ्ठी आजच टाका.