शंका-समाधान : पाऊस एवढा, तरी डोंगर पेटतो कसा?

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात चार महिने धो-धो पाऊस पडतो. तरी फेब्रुवारी उजाडला की रात्री डोंगरावर आगीच्या माळा दिसतात. वाढत्या उन्हानं वणवा आपोआप लागतो का?
– एक वाचक, गगनबावडा

उत्तर : आपोआप लागत नाही. वाळलं गवत पेटायला अडीचशे-तीनशे अंश उष्णता लागते आणि आपला पारा कडक उन्हाळ्यातही चाळिशीच्या आसपास असतो. कॅनडाच्या जंगलांत वीज पडून प्रचंड वणवे लागतात. आपल्याकडे वीज येते ती बहुधा वळवाबरोबर, आणि वळीव पाणीही घेऊन येतो. त्यामुळे सह्याद्रीतली ठिणगी जवळपास नेहमी माणसाचीच असते. बांध पेटवून माणूस घरी जातो, उसाचा पाला वाऱ्यात पेटवला जातो, कुणी विडी फेकतं, सहलीची चूल तशीच धुमसत राहते.

हवामानबदलाचं काम ठिणगीनंतर सुरू होतं. एक घनमीटर हवेत ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावतं, ३५ अंशांना जवळपास ४०. हवेत प्रत्यक्षात १५ ग्रॅमच बाष्प असेल, तर तिची तहान १५ ग्रॅमवरून २५ वर जाते, आणि ती गवत-पाचोळ्यातला ओलावा ओढून घेते. ओंडका वाळायला दिवस लागतात, गवताच्या काडीला तासभर पुरतो. सकाळी दवानं ओलं असलेलं कुरण दुपारी कडकडीत होतं ते यामुळेच.

भरपूर पाऊस इथं उलटाच पडतो, कारण तो जळणच वाढवतो. लॉस एंजेलिसला लागोपाठ दोन हिवाळे चांगला पाऊस झाला, झुडपं माजली, मग कोरडे महिने आले आणि जानेवारी २०२५ मध्ये वस्त्याच्या वस्त्या जळाल्या.

प्रश्न : जुनं गवत जाळलं की नवं जोमानं येतं, असं वडीलधारी मंडळी सांगतात. खरं आहे का?
– एक वाचक, पन्हाळा

उत्तर : हिरवे कोंब लवकर दिसतात, एवढं खरं. गवताचे डोळे जमिनीलगत असतात, ते वाचतात आणि काळ्या जमिनीवर उठून दिसतात. पण गवतातला नत्र धुरावाटे जातो, आणि उतारावरची राख पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यात वाहून जाते. त्याहून मोठं नुकसान कुसळी नावाचं टोकदार बियांचं गवत करतं. तिच्या बियांचं शेपूट ओलाव्यानं पिळत-सुटत बीला मातीत घुसवतं, त्यामुळे आग वरून निघून जाते आणि बी सुखरूप राहतं. दरवर्षी जाळलेल्या डोंगरावर मारवेलसारखी चांगली गवतं मागे पडतात आणि जनावरांच्या तोंडात टोचणारी कुसळी पसरते. चांगला चारा हवा असेल तर गवत फुलोऱ्यात असताना, कुसळं धरण्याआधी कापून वाळवा.

प्रश्न : आमची काजूची बाग डोंगराला लागून आहे. जाळरेषा किती रुंद काढावी?
– एक वाचक, राधानगरी

उत्तर : जाळरेषा म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा. तो गवताच्या उंचीच्या किमान तिप्पट रुंद हवा. कमरेएवढं गवत असेल तर ३ मीटर, बागेच्या खाली चढ असेल तर ५-६ मीटर, कारण चढावर दर १० अंशांना आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. गवत जमिनीलगत कापा आणि कापलेलं बागेच्या बाजूला ढकलू नका, उचलून न्या. वाळलेल्या शेणी आणि कुजके बुंधेही काढा. ते तासन्‌तास धुमसतात आणि वारा सुटला की त्यातून ठिणगी उडते.

बहुतेक जाळरेषा फसतात त्या पाचोळ्यानं. जानेवारीत काढलेल्या पट्ट्यावर मार्चपर्यंत पानगळ साचते आणि आग त्यावरून चालत येते. दर पंधरवड्याला पट्टा झाडलाच पाहिजे. पट्ट्यातलं गवत जाळून साफ करायचा मोह टाळा. वनहद्दीलगत ते काम वनरक्षकाला विचारल्याशिवाय करू नये.

आग दिसली तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. विझवायला गेलात तर सुती कपडे घाला, आगीच्या वरच्या अंगाला कधीही थांबू नका. ओल्या डहाळीनं ज्योत दाबायची असते, झोडपलं की ठिणग्या उडतात. वारा फिरला तर जळून काळ्या झालेल्या जमिनीवर सरका, तिथं पुन्हा पेटायला काही उरलेलं नसतं.