हँड सर्जनला हॉस्पिटल प्रिव्हिलेज (कुठली ऑपरेशन्स करायची याची परवानगी) देताना नक्की काय बघतं? मुलीला मायक्रोसर्जरी दिली नाही, भांडावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी एम.एस. ऑर्थो, वर हँडची फेलोशिप. ठाण्याच्या हॉस्पिटलने फ्रॅक्चर, टेंडन (स्नायूची दोरी), कार्पल टनेल (मनगटात दबलेली नस) यांची परवानगी दिली आणि मायक्रोसर्जरीचा, म्हणजे मायक्रोस्कोपखाली बारीक रक्तवाहिन्या जोडण्याचा, रकाना कोरा ठेवला. कोरा ठेवला, की 'नाही' असं लिहिलं? हे आधी बघा. माझा सगळा जीव त्याच एका शब्दात अडकलेला आहे, म्हणून एवढं लांबण लावतेय.

मी नवी मुंबईतल्या एका खासगी हॉस्पिटलात ओटी (ऑपरेशन थिएटर) इन्चार्ज सिस्टर होते, २०१९ ला निवृत्त झाले. कोणता सर्जन काय करू शकतो याची फाइल ओटीत माझ्या टेबलावर असायची. एनएबीएचवाले (हॉस्पिटलांच्या दर्जाला मान्यता देणारं मंडळ) तपासणीला आले की प्रश्न मेडिकल डायरेक्टरला विचारत नाहीत, सिस्टरला विचारतात. 'आज टेबलावर असलेल्या डॉक्टरांना ही केस करायची परवानगी आहे हे तुम्हाला कसं कळतं?' तेव्हा फाइल उघडून दाखवावी लागते.

कागदांचं थोडक्यात सांगते, मुलीला ते माहीत असणारच. डिग्र्या, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन (दर ५ वर्षांनी नूतनीकरण, आणि वाढीव डिग्री त्यात चढवलेली हवी, इथेच निम्मे जण अडकतात), इन्डेम्निटी (डॉक्टरचा व्यावसायिक विमा), दोन सीनियरांची पत्रं. हॉस्पिटल हे सगळं परस्पर पडताळतं, त्याला क्रेडेन्शियलिंग म्हणतात. मग यादीतल्या एकेका ऑपरेशनपुढे टिक करतात, ते प्रिव्हिलेजिंग. लोक दोन्ही शब्द एकत्र बोलतात, पण पहिल्यात पास होऊन दुसऱ्यात अडकता येतं. तुमच्या मुलीचं तेच झालंय.

आता माझी रात्र.

२०१४ चा डिसेंबर. ऑटोक्लेव्ह (हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र) बिघडला होता म्हणून मी दिवसपाळी संपूनही थांबले होते. पावणेअकराला कॅज्युअल्टीतून फोन. रबाळे एमआयडीसीतला मुलगा, पॉवर प्रेसवर उजवा हात गेलेला. अंगठा बुडातून तुटलेला, तर्जनीचा चेंदामेंदा. बरोबरच्याने अंगठा स्टीलच्या डब्यात आणला होता, थेट बर्फात. (लोकांनो, असं करू नका. सलाईनने ओली केलेली गॉज गुंडाळायची, ते प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. थेट बर्फाने पेशी मरतात.) कॅज्युअल्टीच्या डॉक्टरने (सीएमओ) नीट बांधून घेतला, नशीब.

ऑन-कॉल होते आमचे नवे व्हिजिटिंग कन्सल्टंट. एम.एस. ऑर्थो, वर दोन वर्षांची हँड आणि मायक्रोसर्जरीची एफएनबी (नॅशनल बोर्डाची फेलोशिप). हात चांगला होता, हे मी आजही म्हणते. घोडबंदर रोडवर राहायचे. रात्री तिथून कंटेनरच्या रांगेतून ऐरोलीमार्गे यायला त्यांना पाऊण तास लागला. आल्या आल्या म्हणाले, "सिस्टर, मायक्रोस्कोप काढा, टेन-झीरो नायलॉन काढा, रिप्लांट करतोय." म्हणजे बारीक धागा काढा, तुटलेला अंगठा परत जोडतोय.

मी फाइल काढली. फ्रॅक्चर, टिक. फ्लेक्सर (बोट वाकवणारा) टेंडन, झोन दोन या अवघड जागेसकट, टिक. नर्व्ह, टिक. फ्लॅप (जखमेवर कातडीचा तुकडा वळवणं), टिक. 'रक्तवाहिन्या जोडणे, रिप्लांटेशन' पुढे काहीच नाही. टिकही नाही, फुलीही नाही.

मी म्हणाले, "सर, हे तुमच्या नावापुढे भरलेलं नाही."

त्यांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. शेवटी म्हणाले, "बाजूला व्हा."

मी बाजूला झाले नाही, पण पेशंटही अडवला नाही. हा फरक त्यांना आजतागायत कळलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते. तुटलेला अंगठा जोडताना सर्जन मायक्रोस्कोप लावून पहिल्याच मिनिटाला धमनी शिवत नाही. जखम धुवायची, मेलेलं काढायचं, सुट्या अंगठ्यातल्या नसा आणि रक्तवाहिन्या शोधून खुणेचे टाके घालून ठेवायचे. मग हाड थोडं आखूड करून के-वायर (हाड धरून ठेवणारी तार), मग टेंडन. एवढं झाल्यावर धमनी, नर्व्ह, शिरा. धमनी जोडायच्या आधीचं एकूण एक काम त्यांच्या टिकमध्ये बसत होतं. मी म्हणाले, "सर, ब्लॉक (हातापुरती भूल) देऊन घेऊ दे, तुम्ही सुरू करा. धमनीपर्यंत याल तोवर मी परवानगी आणते." मायक्रोस्कोप मी स्वतः ढकलत आत आणला, कव्हर घातलं, फोकस लावून ठेवला.

मग फोन. मेडिकल सुपरिंटेंडंटचा लागेना. लग्नाला गेले होते, पनवेलला. दहा-बारा वेळा केला, शेवटी त्यांच्या ड्रायव्हरला फोन केला. साडेबाराला सर लाइनवर आले. मी म्हणाले, आपल्या पॉलिसीत कलम आहे, जीव किंवा अवयव वाचवायचा असेल आणि दुसरा कोणी वेळेत येत नसेल, तर हजर असलेला डॉक्टर त्याच्या लायसन्समध्ये बसेल ते करू शकतो. प्लास्टिक सर्जरीचे एचओडी (विभागप्रमुख) गावाबाहेर आहेत, तुमचा तोंडी होकार द्या. ते म्हणाले, "असं कलम आहे?" आहे. मी वाचलं होतं. ज्यांनी सही केली होती त्यांनी नव्हतं वाचलं.

होकार मिळाला, मी रजिस्टरला वेळ टाकून लिहिला, स्टाफ नर्सची साक्षीची सही घेतली. आत गेले तेव्हा सर एक्स्टेन्सर (अंगठा सरळ करणारा टेंडन) शिवत होते. मायक्रोस्कोपखाली आले सव्वाला. बोटातली धमनी साधारण एक मिलिमीटरची, केसाहून बारीक धाग्याने शिवायची. मी समोर उभी राहून हेपरिनचं (रक्त गोठू न देणारं औषध) पाणी सोडत होते. क्लॅम्प काढला आणि पांढरा अंगठा गुलाबी होताना पाहिला, ते मी विसरणार नाही. पावणेसहाला संपलं. तर्जनी काही वाचवण्यासारखी नव्हती, ती काढली.

तिसऱ्या दिवशी अंगठा निळसर पडायला लागला, शिरा तुंबल्या होत्या. वॉर्डच्या मुलीने दर तासाला रंग बघायचा चार्ट ठेवला होता म्हणून पहाटे चारला लक्षात आलं. नख काढलं, हेपरिनची गॉज ठेवली, दोन दिवस ठिबकत ठेवलं. वाचला. त्या पोरीचं नाव कुणाच्याही प्रेझेंटेशनमध्ये आलं नाही. आणि हो, एनएबीएच नर्सेसचंही क्रेडेन्शियलिंग-प्रिव्हिलेजिंग मागतं. रिप्लांटचा वॉर्ड कुणालाही देता येत नाही.

पुढच्या महिन्यात कमिटी बसली आणि मला मेमो आला. दोन्हीकडून. सर्जनची तक्रार, सिस्टरने चाळीस मिनिटं घालवली. प्लास्टिकच्या एचओडींची तक्रार, ऑर्थोच्या माणसाला सिस्टरने मायक्रोसर्जरी करू दिलीच कशी. एकाच रात्रीबद्दल. मी ॲनेस्थेशियाचा चार्ट पुढे ठेवला. ब्लॉक, टुर्निके (रक्त थांबवायचा पट्टा), के-वायर, सगळ्याच्या वेळा त्यावर. मी म्हणाले, कुठे आहेत ती चाळीस मिनिटं, दाखवा. कोणी दाखवली नाहीत. मेमोही कोणी मागे घेतला नाही.

मग कळलं की तो रकाना कोरा का होता. कमिटीने ठरवलं होतं, पहिल्या दोन केसेस एचओडींनी शेजारी उभं राहून बघायच्या, मग टिक. प्रॉक्टरिंग. त्यात चूक काहीच नाही, उलट तसंच व्हायला हवं. पण तारीख कोणी घातली नाही, आणि अर्ज एचओडींच्या ड्रॉवरमध्ये पाच महिने पडून राहिला.

याच्या मुळाशी जुनं भांडण आहे आणि तुमच्या मुलीलाही ते भोगावं लागेल. प्लास्टिकवाले म्हणतात मायक्रोस्कोप आमचा, ऑर्थोवाले म्हणतात हात हाडांचा म्हणून आमचा. अमेरिकेत ऑर्थोपेडिक, प्लास्टिक आणि जनरल सर्जरी, तिन्ही बोर्डांनी १९८९ पासून हाताच्या सर्जरीचं सामाईक सर्टिफिकेट ठेवलंय. कुठूनही या, परीक्षा एकच द्या. आपल्याकडे एफएनबी आहे, थोड्या ठिकाणी हँडचं एम.सीएच.ही (एम.एस.नंतरची डिग्री) आहे, पण हॉस्पिटलचा फॉर्म मात्र अजून 'विभाग : ऑर्थो / प्लास्टिक' असाच छापलेला असतो. तिसरी चौकट नाही, म्हणून हँडवाल्याचा अर्ज दुसऱ्याच्या विभागप्रमुखाकडे सहीला जातो. जो उद्या त्याचा प्रतिस्पर्धी असणार, त्याच्याचकडे. हात कुणाचा हे मला विचाराल तर, जो दर आठवड्याला मायक्रोस्कोप उघडतो त्याचा. डिग्री तीन वर्षांपूर्वीची आणि शेवटची धमनी दोन वर्षांपूर्वी शिवलेली, असा माणूस मला टेबलावर नको, मग तो एचओडी का असेना.

म्हणून लॉगबुक, म्हणजे केलेल्या केसेसची नोंदवही. फेलोशिपचं सर्टिफिकेट सगळेच जोडतात, कमिटी त्याकडे बघून मान डोलावते आणि काही देत नाही. मुलीने आकडे द्यावेत. रिप्लांट किती, त्यात स्वतःच्या हाताने धमनी किती शिवल्या आणि असिस्ट किती, किती बोटं जगली, किती गेली. गेलेली लपवू नयेत. शून्य अपयश लिहिलेलं लॉगबुक बघून आमचे सुपरिंटेंडंट हसायचे.

भांडावं का, तर माणसांशी नको, तारखेसाठी भांडावं. लेखी विचारायचं, रकाना कोरा आहे तो नकार आहे की प्रलंबित? प्रॉक्टरिंग हवं असेल तर किती केसेस, कोण बघणार, कधीपर्यंत? ठरलेला माणूस हजर नसेल तर पर्यायी कोण, बाहेरच्या हॉस्पिटलातला चालेल का? इमर्जन्सीचं कलम कुठल्या पानावर आहे? किती दिवस लागतात ते कमिटी कधी बसते त्यावर. आमची महिन्यातून एकदा बसायची, एक बैठक हुकली की महिना गेला.

आणि उलटंही सांगते, तुम्हाला आवडणार नाही कदाचित. हॉस्पिटल नाही म्हणत असेल तर कधी कधी ते बरोबर असतं. रात्री मायक्रोस्कोप कुलपात, ऑपरेटरकडे किल्ली, तो डोंबिवलीला. चार तास उभी राहील अशी एकच सिस्टर. सकाळी स्प्लिंट बनवायला हँडचं काम येणारा फिजिओ नाही. अशा ठिकाणी कुणालाच रिप्लांटची टिक देऊ नये, तुमच्या मुलीलाही नाही. तुटलेलं नुसतं बोट नीट थंड ठेवलं तर चोवीस तासांपर्यंतही जोडता येतं, त्यात स्नायू नसतो. ते मुंबईला पाठवण्यात कमीपणा नाही. मनगटाच्या वर तुटलेला हात वेगळा, स्नायू थंड न ठेवता सहा तासही थांबत नाहीत.

मी कमिटीवर कधी नव्हते, सिस्टर होते, हे लक्षात ठेवून वाचा. प्रत्येक हॉस्पिटलचे नियम वेगळे, आणि निवृत्त होऊन वर्षं झाली. सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात युनिट आणि पदाप्रमाणे चालतं, तिथे माझं हे टिकपुराण फारसं उपयोगाचं नाही.

ते सर्जन आता ठाण्यात चांगले नावारूपाला आलेत. मध्यंतरी विवियाना मॉलमध्ये दिसले, मी नमस्कार केला, त्यांनी ओळख दाखवली नाही. लोकांना अजून सांगतात म्हणे, एका सिस्टरने मला अडवलं होतं. त्यांना प्रिव्हिलेजचं पत्र जुलैमध्ये मिळालं होतं, पोच म्हणून त्यांची सही आहे. मुलीला सांगा, सही करायच्या आधी पत्र पहिल्या रकान्यापासून शेवटच्या रकान्यापर्यंत वाच आणि नंतर ओटीत जाऊन सिस्टरच्या फाइलमधली प्रतही बघून ये. डॉक्टरसाहेब त्या फाइलपाशी पाच महिन्यांत एकदाही आले नव्हते.