वडिलांच्या परवान्यावरची बंदूक फ्लॅटमध्ये कशी ठेवायची?

तुमचा प्रश्न असा समजतो: वडील चौऱ्याहत्तरचे, त्यांच्या नावावर शेती आणि स्वसंरक्षणासाठी घेतलेली दुनळी बाराबोअर. नान्नजजवळचं गाव सोडून सगळं बिऱ्हाड आता जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर येतंय. घरात दोन लहान मुलं. बंदूक लाकडी कपाटात कुलूप लावून ठेवली तर कायद्याला चालेल का?

लाकडी कपाट नको. पण मला विचाराल तर कपाटापेक्षा किल्ली कोणाकडे राहणार हा मोठा प्रश्न आहे, आणि तोच तुम्ही विचारलेला नाही. मी फौजेत होतो, नंतर बँकेत गार्ड म्हणून स्वतःचीच बाराबोअर घेऊन उभा राहायचो. त्यामुळे परवाना, नूतनीकरण, हत्यार जमा करणं, सोडवून आणणं यात बरीच वर्षं गेली आहेत.

आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ चा आणि नियम २०१६ चे. पत्रा किती जाड हवा, कुलूप कुठल्या जातीचं, असलं काही तुमच्या परवान्यावर छापलेलं सापडणार नाही. हत्यार सुरक्षित ताब्यात ठेवायची जबाबदारी मात्र पूर्णपणे परवानाधारकाची. चोरी झाली, पोराच्या हाती लागलं, मेहुण्याने लग्नात बार काढला, तर पहिला प्रश्न वडिलांना येणार: तुमच्या ताब्यातून गेलं कसं? परवान्याच्या अटी मोडल्या तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि कलम १७ खाली परवानाच निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. लग्नातल्या हौसेला तर २०१९ च्या दुरुस्तीने वेगळी शिक्षा लावली आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

आता किल्ली. आपल्याकडे परवाना वडिलांचा, किल्ली पोराच्या जुडग्यात, आणि सुनेला ठाऊक की दुसरी किल्ली देव्हाऱ्यामागे. घरोघरी हेच. कायद्याच्या नजरेत मात्र ती बंदूक फक्त वडिलांची. दुसऱ्याला ती नेता येते ती परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, तीही दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा त्याच्याच वापरासाठी. तुम्ही एकटे कपाट उघडून रानडुक्कर हाकायला बंदूक घेऊन शेतावर गेलात, तर ते विनापरवाना हत्यार बाळगणं धरलं जाऊ शकतं, आणि २०१९ पासून त्याला किमान दोन ते कमाल पाच वर्षं आहेत. ‘बाप-लेकाचं एकच घर’ हे तिथे ऐकून घेत नाहीत. वडील विनापरवाना माणसाच्या हाती हत्यार दिल्याच्या लफड्यात येतील ते वेगळंच.

म्हणून किल्ली एकच वापरात, ती वडिलांच्या करगोट्याला किंवा बंडीच्या आतल्या खिशात. दुसरी किल्ली पाकिटात घालून, वर लाख किंवा चिकटपट्टी लावून, त्यांच्या नावाच्या बँक लॉकरमध्ये. नंबरचं कुलूप घेणार असाल तर नंबर फक्त त्यांनाच ठाऊक हवा, आणि तो नातवाची जन्मतारीख नको. पोरं ते पहिल्या फटक्यात ओळखतात. वडील विसरायला लागले असतील तर मात्र किल्लीची व्यवस्था करत बसू नका. तो परवान्याचा प्रश्न आहे, खाली येतो.

कपाटाचं काम लोहाराकडून करून घ्या किंवा तयार तिजोरी आणा, फरक पडत नाही. ती भिंतीला किंवा जमिनीला जखडलेली हवी. सुटी तिजोरी दोन माणसं उचलून टेम्पोत टाकतात, कुलूप फोडायची तसदीही घेत नाहीत. गावाकडच्या दगडमातीच्या भिंतीत अँकर बोल्ट धरायचाच नाही, तिथे जमिनीत काँक्रीट ओतून बसवावं लागायचं. फ्लॅटमध्ये वेगळा घोळ: आतल्या भिंती हलक्या ब्लॉकच्या असतील तर साधा बोल्ट नुसता हाताने ओढला तरी निघतो. बिल्डरच्या नकाशात आरसीसी कॉलम कुठे आहे बघा, त्याला लागून कपाट उभं करा आणि बोल्ट कपाटाच्या आतून मारून घ्या म्हणजे नट बाहेरून दिसणार नाहीत. सळई लागली तर भोक बाजूला सरकवा, सळई कापू देऊ नका. बाथरूमला लागून असलेली भिंत टाळा, ओल येते. दिवाणखान्यातही नको, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला नको. वडिलांच्या झोपायच्या खोलीतच ठेवा.

फौजेत रायफल कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या खोलीत, आणि दारूगोळा मॅगझिनमध्ये, म्हणजे त्याच्या वेगळ्या कोठारात, दोन्हीचा हिशोब वेगळा. घरी तेच करा. काडतुसं वेगळ्या लहान पेटीत, वेगळ्या कुलपात, जमलं तर वेगळ्या खोलीत. दुनळीची तर आणखी सोय आहे. आधी उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी बघायचं, बोट घालून चाचपायचं. मग पुढची लाकडी पट्टी काढायची, वरचा खटका दाबून बंदूक बिजागरीत वाकवली की नळ्या उचलून बाजूला येतात. दस्ता एका कप्प्यात, नळ्या दुसऱ्या. कुणी एक कप्पा फोडला तरी हाती अर्धीच बंदूक लागेल. हे सगळं वडिलांनी करायचं, तुम्ही शेजारी उभं राहून बघा. वाटल्यास घोड्याला अडकवायचं ट्रिगर लॉक मिळतं, तेही लावा. पण ट्रिगर लॉक लावलंय म्हणून बंदूक पलंगाखाली सरकवणारे मी पाहिलेत, ते करू नका.

आपल्या लोकांना बंदूक चादरीत गुंडाळायची खोड. चादर सोलापुरी असली तरी सूत ते सूत, पावसाळ्यात दमट हवा शोषून घेते आणि नळीला तांबेरा धरतो. चामड्याच्या आणि रेक्झिनच्या कव्हरचंही तेच. ती न्यायला-आणायला ठीक, महिनोन्‌महिने ठेवायला नाहीत. तेलाचा पातळ हात फिरवून कपाटात कव्हरशिवायच ठेवा. काडतुसांना ओलीइतकाच उन्हाळा वाईट. मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट हात लावू देत नाही, आणि स्लॅबखालचा माळा तर भट्टीच. माळ्यावर काडतुसं ठेवू नका. आणि किती आहेत ते परवान्यावरच्या मर्यादेत हवं. जुनी, फुगलेली, छाप पुसलेली काडतुसं निघाली तर विक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्यात दाखवा, विहिरीत टाकून मोकळं होऊ नका.

घर हलवायच्या दिवशी बंदूक सामानाच्या टेम्पोत जायची नाही. वडिलांसोबत गाडीत, कव्हरमध्ये पूर्ण झाकलेली, रिकामी, काडतुसं वेगळी, मूळ परवाना वडिलांच्या खिशात. आणि पत्ता बदलल्याचं लेखी कळवायचं, महिना होऊ देऊ नका. तुमच्या बाबतीत तर अधिकारीच बदलतो. गाव ग्रामीणमध्ये, तिथे परवाना जिल्हाधिकारी कार्यालयाचा. जुळे सोलापूर शहर आयुक्तालयात, इथे पोलीस आयुक्त. दोन्हीकडे अर्ज द्या, दोन्हीकडची पोच घ्या आणि परवान्यावर युनिक नंबर, म्हणजे यूआयएन, पडलेला आहे का ते त्याच फेरीत बघून घ्या.

नान्नजचं नाव आलं म्हणून आणखी एक, जे गावात फारसं कुणी सांगत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यात किंवा त्याच्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वन खात्याकडेही नोंद करायची असते. नान्नजचं माळढोक पक्ष्यांचं अभयारण्य १९७९ चं. आधी ते कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, पुढे घटवून सुमारे १,२२२ वर आणलं. म्हणजे तेव्हा आत असलेलं गाव आज बाहेर असू शकतं. वडिलांची नोंद झाली होती का, जुन्या कागदांत शोधा. शेत अजून तिकडेच आहे आणि बंदूक तिथे न्यायचा विचार असेल तर वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्याच्या हद्दीत हत्यार घेऊन पाऊलही टाकायचं नाही, कलम ३१. डुक्कर दिसलं म्हणून बार टाकता येत नाही, हे वडिलांना ठाऊक असेलच.

घर बंद ठेवून महिनाभर पुण्याला लेकीकडे जाणार असाल तर बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात जमा करा. निवडणुकीत जमा करायची नोटीस आली तरी तेच. देण्याआधी नळ्यांना आतून तेल, पावतीवर हत्याराचा नंबर परवान्याशी ताडून बघा, काडतुसांची संख्या लिहून घ्या. मालखान्यातून, म्हणजे ठाण्याच्या कोठीतून, परत आणलेल्या बंदुकीचा गंज नंतर कुणाच्या अंगावर घालता येत नाही. आणि चोरी झालीच, तर सकाळची वाट न बघता लगेच जवळच्या ठाण्यात.

राहिला वडिलांच्या वयाचा मुद्दा. २०१६ च्या नियमांत नियम २५ प्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, यातलं जे आधी होईल तेव्हापासून तो हयातीतच वारसाचं नाव सुचवून परवाना त्याच्या नावे मागू शकतो. वडील दोन्हीत बसत असतील. तुम्हाला प्रशिक्षण, वैद्यकीय दाखला, पोलीस पडताळणी हे सगळं करावं लागेल, आणि बहीण-भावांची संमती लागते. तोपर्यंत किल्ली त्यांचीच. पण त्यांना ती सांभाळवत नसेल तर आजच विक्रेत्याकडे जमा करा, आणि अर्ज मग सावकाश चालू द्या. आयुक्तालयात जाताना वडिलांना सोबत न्या, सही जुळली नाही म्हणून परत पाठवतात.