आईच्या दम्यासाठी डॉक्टरांनी व्हिडिओ कॉल ठेवलाय, आधी काय तयारी करून ठेवू?

तुम्ही लिहिलंय की आईंना बऱ्याच वर्षांपासून दमा आहे, तुम्ही नागपुरात हिंगण्याकडे राहता, डॉक्टर धंतोलीत, आणि मे महिन्याच्या उन्हात एवढं नेणं-आणणं नको म्हणून डॉक्टरांनीच यावेळचा फॉलोअप व्हिडिओवर ठेवलाय, तर फोनवरून त्यांना कळणार काय? आमच्याकडे मामाजींना (माझे सासरे) दमा आहे, त्यांचे बरेचसे फॉलोअप आता व्हिडिओवरच होतात आणि ते सगळं मीच बघते, म्हणून सांगते. मी डॉक्टर नाही, कोणतं औषध किती ते तुमचे डॉक्टरच ठरवतील.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पंप, म्हणजे इनहेलर. आई रोज पंप जसा घेतात अगदी तसाच कॅमेऱ्यासमोर घेऊन दाखवायचा, आणि डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका, तुम्हीच म्हणा की सर जरा घेण्याची पद्धत बघता का. पंप चुकीचा घेतला तर औषध घशातच राहतं, छातीत जातच नाही, मग त्रास कमी होत नाही म्हणून डोस वाढत जातो. मामाजी पंप दाबायचे आणि मग श्वास ओढायचे, मधे जेमतेम एक क्षण जायचा, घरात कोणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतंच ते. डॉक्टरांनी स्क्रीनवर लगेच पकडलं आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावायला सांगितला, त्यानंतर रात्रीचा खोकला खूप कमी झाला. दाबायचा पंप असेल तर आधी हलवायचा, श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, मग दाबता दाबताच हळू आणि खोल श्वास आत घ्यायचा आणि साधारण १० सेकंद धरून ठेवायचा. कॅप्सूल टाकायचं रोटाहेलर असेल तर उलट, तिथे जोरात आणि खोल ओढावं लागतं आणि मशीनमध्ये श्वास सोडायचा नाही. दोन्ही प्रकारचे पंप चालू असतील तर गडबड इथेच होते, तेव्हा दोन्ही दाखवा. स्टेरॉइडवाला पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायचं हेही आई करतात का बघा, नाहीतर तोंडात पांढरा थर येतो. कॉल सकाळी असेल तर सकाळचा नेहमीचा डोस तेव्हाच घ्यायला ठेवला की जास्तीचा डोस जात नाही. पण आधीच धाप लागली असेल तर कॉलसाठी पंप अडवून ठेवू नका.

दुसरं म्हणजे गेल्या ४ आठवड्यांचा हिशोब कागदावर लिहून काढा, कारण डॉक्टरांनी "कशा आहात" विचारलं की आपली मोठी माणसं "बरी आहे" म्हणून मोकळी होतात. दमा आटोक्यात आहे की नाही हे डॉक्टर साधारण चार गोष्टींवरून ठरवतात: दिवसा त्रास आठवड्यातून २ पेक्षा जास्त वेळा होतो का, दम्यामुळे रात्री जाग येते का, आराम पडायचा पंप आठवड्यातून २ पेक्षा जास्त वेळा लागतो का, आणि जिना चढणं, झाडझूड, बाजार यातलं काही दम्यामुळे सुटलंय का. यातल्या एकाचंही उत्तर हो असलं तर दमा पूर्ण कंट्रोलमध्ये नाही असं धरतात. आराम पडायचा पंप, म्हणजे अस्थालिनसारखा साल्बुटामॉलचा, किती लागतो हे आठवणीवर सोडू नका, औषधवाल्याची बिलं काढून बघा वर्षभरात किती आणले. २०० पफचे असे ३ किंवा त्याहून जास्त पंप वर्षात संपत असतील तर मोठा अटॅक येण्याचा धोका वाढलेला असतो, हे डॉक्टरांना कळायलाच पाहिजे. स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स मागच्या वर्षात कधी घ्यावा लागला, नेब्युलायझर लावायला धावावं लागलं का, तेही त्याच कागदावर.

पीक फ्लो मीटर, म्हणजे किती जोरात फुंकता येतं ते मोजायची छोटी नळी, घरी असेल तर कॉलच्या आधी एक-दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडे लिहा. उभं राहून ३ वेळा फुंकायचं आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा लिहायचा, सरासरी नाही. आईंचा चांगल्या दिवसांतला आकडा ३५० असेल तर २८० च्या खाली, म्हणजे ८० टक्क्यांच्या खाली आला की सावध व्हायचं, आणि १७५ च्या खाली म्हणजे इमर्जन्सी. डॉक्टर स्टेथोस्कोप लावू शकत नाहीत ना, म्हणून या आकड्यांना फार किंमत आहे. रात्री छातीत सुं सुं आवाज येत असेल तर मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढून ठेवा, दिवसा कॉलवर तो आवाज असेलच असं नाही.

आता आपल्या नागपूरची गोष्ट. कूलर! मागच्या वर्षीच्या ताट्या न बदलता, टाकी न घासता कूलर चालू केला की पहिल्या दिवशी जो कुबट वास येतो ना, त्यात धूळ आणि बुरशी दोन्ही असतात आणि दम्याच्या पेशंटला ते चांगलंच बाधतं. आईंचा त्रास कूलर लागल्यापासून वाढलाय का हे तारखेनिशी बघा आणि सांगा. तसंच घराजवळ बांधकाम किंवा सिमेंट रोडचं खोदकाम, मच्छर अगरबत्ती, देवघरातला धूप, फोडणीचा ठसका, बाल्कनीतली कबुतरं, जे असेल ते सांगा.

सगळी औषधं टेबलावर काढून ठेवा, दम्याची नसलेली सुद्धा. काचबिंदूचे टिमोलॉलचे ड्रॉप्स साधे वाटतात पण ते दमा वाढवू शकतात, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दमा माहीत नसतो आणि दम्याच्या डॉक्टरांना ड्रॉप्स. बीपीच्या काही गोळ्या, आणि काही पेशंटना अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या यांनीही त्रास होतो. मनाने काही बंद करू नका, फक्त दाखवा.

कॉलच्या वेळी कूलर बंद, नाहीतर डॉक्टरांना घरघर ऐकू येते ती कूलरचीच. खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. फोन हातात न धरता कशाला तरी टेकवून असा ठेवा की चेहऱ्यासोबत मान आणि छातीही दिसेल, श्वास घेताना मानेचे स्नायू ओढले जातात का हे त्यांना बघायचं असतं. आणि प्लीज, आईंना स्वतः बोलू द्या, त्या एका दमात पूर्ण वाक्य बोलतात की मधेच थांबतात हीसुद्धा तपासणीच आहे, आपण मधे मधे उत्तरं दिली की ती होतच नाही.

एक मात्र नीट ऐका. वाक्य पूर्ण बोलता येत नाहीये, ओठ निळसर दिसतायत, बरगड्या आत ओढल्या जातायत किंवा पंप घेऊनही आराम नाही, असं असेल तर कॉलची वाट बघायचीच नाही, १०८ ला फोन करा किंवा सरळ जवळच्या दवाखान्यात, नाहीतर मेडिकल कॉलेज, मेयो, मिहानचं एम्स या मोठ्या सरकारी हॉस्पिटलांपैकी जे जवळ पडेल तिथे. ताप आणि छातीत कफ असेल किंवा पीएफटी म्हणजे फुंकायची टेस्ट बरेच दिवसांत झाली नसेल तर प्रत्यक्षच जावं लागतं, ते व्हिडिओवर होत नाही.

कॉल संपायच्या आधी डॉक्टरांना लेखी प्लॅन मागा: रोज काय घ्यायचं, त्रास वाढला तर कोणता पंप किती वाढवायचा आणि कोणत्या पॉइंटला दवाखान्यात यायचं. त्यांनी सांगितलेलं एकदा त्यांनाच वाचून दाखवा, पंपांची नावं सारखी सारखी असतात. प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरांचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर आहे ना बघा, २०२० च्या टेलिमेडिसिन गाइडलाइन्सप्रमाणे तो लागतो. त्याच नियमांत आधी प्रत्यक्ष तपासल्यापासून ६ महिन्यांच्या आतला कॉलच फॉलोअप धरलाय, म्हणून आईंना शेवटचं कधी नेलं होतं ती तारीख बघून पुढची व्हिजिट क्लिनिकमध्ये घ्यायची का तेही त्याच कॉलवर विचारून घ्या, आणि घ्यायची असेल तर सकाळी लवकरची वेळ मागा.