कोच की समुपदेशक? आधी झोपेचं बघा

‘तीन महिने पहाटे तीनला जाग येते, कशात मन लागत नाही, लाइफ कोच लावू की समुपदेशकाकडे जाऊ?’ हा तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. चार वर्षांपूर्वी मी हेच विचारत होते.

थोडक्यात फरक असा: कोच ध्येय ठरवून ते गाठायला मदत करतो, समुपदेशक मनाच्या त्रासावर काम करतो. माझी चूक सांगते. मी एका कोचिंग संस्थेचं १२ सत्रांचं पॅकेज एकरकमी घेतलं. पहिल्या भेटीत कोचनं पाच वर्षांनंतरच्या आयुष्याचा तक्ता करून घेतला. झोप, भूक, मरणाचे विचार, यांतलं एका शब्दानं विचारलं नाही. मग दर आठवड्याला ध्येयं ठरायची आणि माझ्याकडून ती राहायची. सहाव्या सत्रात ऐकलं, ‘तुमची जिद्दच कमी पडतेय.’ मी ते खरं मानलं. सकाळी दात घासायलाही उठवत नव्हतं, आणि त्याला मी आळस समजत होते!

थांबायचं म्हटलं, तर ऑफिसातून एकच उत्तर: पॅकेज अर्धवट सोडलं तर पैसे परत नाहीत. तीन मेल केले, उपयोग शून्य. पैसे वाया जाऊ नयेत म्हणून उरलेली सहाही सत्रं केली. ती करायला नको होती. त्या दीड महिन्यात मी आणखी खचले. अजून आठवलं की संताप होतो.

शेवटी समुपदेशकांकडे गेले. त्यांनी आधी पीएचक्यू-९ ही नैराश्य चाचपायची प्रश्नावली भरून घेतली. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, एकूण गुण २७. १० किंवा जास्त आले की नीट तपासणी हवी. माझे १७ आले. थायरॉइडही तपासायला सांगितलं, कारण ती मंदावली तरी असंच गळून गेल्यासारखं होतं.

मी डॉक्टर नाही, हे माझं मत: झोप आणि कशातलीही गोडी दोन आठवड्यांहून जास्त गेली असेल तर कोच नकोच. आधी समुपदेशक किंवा थेट मानसोपचारतज्ज्ञ. कोचिंगला माझा विरोध नाही. बरी झाल्यावर नोकरी बदलताना मी दुसऱ्या कोचची मदत घेतली, फार उपयोग झाला. त्यांनी पहिल्याच फोनवर विचारलं होतं, ‘सध्या काही उपचार चालू आहेत का?’

बहुतेक देशांत कोच म्हणवून घ्यायला परवाना लागत नाही, म्हणून प्रमाणपत्र विचारा. कोचना प्रमाणपत्र देणाऱ्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या पायरीला, एसीसीला, निदान १०० तास प्रत्यक्ष कोचिंग केलेलं लागतं, पुढच्या पायरीला, पीसीसीला, ५००. समुपदेशकांनाही शिक्षण विचारा, त्यात संकोच कसला? आणि दोघांकडेही एकेका सत्राचेच पैसे भरा.

भेटीला जाण्याआधी आठवडाभर झोपेच्या वेळा लिहून ठेवा, तिथे ऐन वेळी काही आठवत नाही. पहाटेच्या त्या जागेपणी जीव नकोसा वाटत असेल, तर मात्र भेटीच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी उठवा.