गंजकी लोखंडी वस्तू ओळखायची आहे?

छान वस्तू हाती लागलीय! पण तारेचा ब्रश आधी खाली ठेवा. नवखे हमखास इथेच चुकतात. गंजाबरोबर हातोड्याच्या खुणा आणि लोहाराचा ठसाही जातो. मऊ ब्रशने माती झटका, बस्स.

मग झीज बघा, सगळ्यात जास्त तीच सांगते. एक टोक ठोकून ठोकून कडेने पसरलंय? मग ती छिन्नी किंवा पाचर असू शकते. निमुळतं आरपार भोक असेल तर तिथे बहुधा दांडा बसत असणार.

- फोटो सगळ्या बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून. वजनही लिहा.
- साच्याची सरळ शिवण दिसली तर वस्तू बहुधा ओतीव, घडीव नव्हे.

नाव आधी ठरवून पुरावे जुळवू नका. प्रत्येक टोकदार तुकडा भाला नसतो. आणि तोफगोळ्यासारखं काही वाटलं, तर हात न लावता पोलिसांना कळवा.