उसाला सिलिकॉन, सोयाबीनला कोबाल्ट आणि बाकीच्या बाटल्या : वाचकांचे प्रश्न

नत्र-स्फुरद-पालाशापासून जस्त-बोरॉनपर्यंतची अन्नद्रव्ये पिकाला लागतातच. त्यांच्या पलीकडे काही मूलद्रव्ये अशी आहेत की ती नसली तरी बहुतेक पिके तग धरतात, पण असली तर ताणाच्या वेळी आधार होतो. सिलिकॉन, कोबाल्ट, सोडियम, सेलेनियम ही त्यातली मुख्य. त्यांना उपयुक्त मूलद्रव्ये म्हणतात, आणि सध्या दुकानात त्यांच्याच बाटल्या पुढे मांडलेल्या असतात. सातारा-सांगलीच्या वाचकांचे याविषयीचे प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आडसाली (जुलै-ऑगस्टला लावलेला) ऊस को ८६०३२ या वाणाचा आहे, जमीन भारी काळी. जुन्या पानांवर बारीक तांबूस ठिपके दिसतात आणि वारा-पावसात ऊस लोळतो. सिलिकॉन कमी पडले म्हणून फवारा, असे दुकानदार सांगतात. कारखान्यावर बगॅसची (उसाच्या चोथ्याची) राख मिळते, ती चालेल का? किती घालावी? (ता. वाळवा)

उत्तर : आधी ठिपके तपासा. पान उलटे करून खालच्या बाजूने बोट घासा. बोटाला नारिंगी-तपकिरी भुकटी लागली तर तो तांबेरा. ठिपका अंडाकृती, तपकिरी आणि भोवती पिवळी कडा असेल तर तपकिरी ठिपके हा बुरशीचा रोग, जो पावसाळ्यात आपल्याकडे या वाणावर नेहमी दिसतो. या दोन्हींवर सिलिकॉन हे औषध नव्हे. भुकटी नाही, कडा नाही, आणि ठिपके जुन्या पानाच्या उन्हाकडच्या बाजूलाच दाट आहेत, असे दिसले तरच सिलिकॉनच्या कमतरतेची शंका घ्यायला जागा आहे.

ऊस सिलिकॉन भरपूर उचलतो हे खरे. चांगल्या पिकात ते हेक्टरी ३०० किलोच्या वर जाते, म्हणजे नत्रापेक्षाही जास्त. मुळे ते सिलिसिक आम्लाच्या रूपात पाण्याबरोबर घेतात. पानात पोचल्यावर पाणी उडून जाते आणि सिलिका वरच्या पेशींच्या थरात घट्ट बसते. त्यामुळे पान ताठ राहते, पाणी कमी उडते, खोडकिडीच्या अळीला कांडे पोखरणे जड जाते. पण एकदा बसलेली सिलिका तिथून हलत नाही, जुन्या पानातून नव्या पानात जात नाही. म्हणून एका फवारणीचा फायदा पुढच्या महिन्यात आलेल्या पानांना मिळत नाही. उसाला सिलिकॉन द्यायचे ते मुळांतून. फवारणीवर पैसे घालू नका.

राख चालेल. लागणीआधी सरीत एकरी ६०० किलो, म्हणजे हेक्टरी दीड टन, शेणखताबरोबर टाकून मातीत मिसळा. सिलिकेट विरघळवणारे जिवाणू एकरी १ लिटर, वेगळ्या शेणखतात मुरवून नंतर द्या. तुमचा ऊस उभा आहे, तेव्हा हे पुढच्या लागणीला. राख घेताना रंग पाहा. फार जास्त तापमानाला जळलेल्या राखेतली सिलिका स्फटिकासारखी घट्ट होते आणि मातीत फारशी विरघळत नाही. मऊ, काळपट राख त्या मानाने बरी. ती कोरडी उधळू नका. पाणी मारून ओली करा, तोंडाला फडके बांधा. राख अल्कधर्मी असते, म्हणून तिच्यात युरिया किंवा अमोनियम सल्फेट कालवले तर नत्र अमोनिया होऊन उडते. नाकाला झणका आलाच तर समजा खत हवेत चालले. दोन्हींमध्ये किमान आठ-दहा दिवसांचे अंतर ठेवा. जमिनीचा सामू (पीएच) आधीच ८.५ च्या वर असेल तर राख घालू नका.

राखेपेक्षाही स्वस्त सिलिकॉन तुमच्या शेतातच असते : पाचट, म्हणजे उसाची वाळकी पाने. उसाने उचललेल्या सिलिकेचा मोठा वाटा पानांत साठतो. एका हेक्टरात ८ ते १० टन पाचट निघते आणि तेच पेटवले जाते. खोडव्यात (तोडणीनंतर बुडख्यांतून फुटणाऱ्या पिकात) ते सरीत दाबा. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे जिवाणू टाका. सिलिकॉनही परत मिळते, ओलही टिकते.

लोळण्याचे खापर मात्र एकट्या सिलिकॉनवर फोडू नका. आडसालीला हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद आणि १७० किलो पालाश अशी मात्रा आहे. बहुतेक शेतांत नत्र यापेक्षा जास्त आणि पालाश कमी पडतो. त्यात मोठी बांधणी (बुंध्याला मातीची भर) हलकी झाली असेल तर ऊस लोळणारच. भारी काळ्या जमिनीत सिलिकॉनचा साठा मुळात बरा असतो. फरक जास्त दिसतो तो शिराळ्याच्या पश्चिमेला, पाटण, जावळीकडच्या धुपलेल्या तांबड्या जमिनीत, आणि तिथल्या भाताला तर उसाहूनही अधिक. म्हणून चार सऱ्या राखेविना सोडा आणि तोडणीला दोन्हीकडचा ऊस वेगळा वजन करा. त्याच काट्यावर ठरवा.

प्रश्न : द्राक्षबागेत पोटॅशियम सिलिकेट ठिबकमधून सोडले. त्याआधी त्याच टाकीत कॅल्शियम नायट्रेट होते. आता निम्म्या तोट्यांतून पाणी येत नाही. अॅसिड सोडले, तरी सुटत नाही. (ता. तासगाव)

उत्तर : अॅसिडने सुटणारही नाही. पोटॅशियम सिलिकेट फार अल्कधर्मी असते, सामू ११ च्या आसपास. त्या सामूलाच सिलिका विरघळलेली राहते. टाकीत उरलेल्या कॅल्शियमशी गाठ पडली की न विरघळणारे कॅल्शियम सिलिकेट खाली बसते, आणि आम्लाशी गाठ पडली तर सिलिकेची लगदी होते, पातळ खळीसारखी. तुम्ही आधी पहिली चूक केली आणि मग अॅसिड सोडून दुसरी.

तोटीतला पांढरा साका नखाने काढून त्यावर थोडे हायड्रोक्लोरिक अॅसिड टाका. फसफसले तर ते चुन्याचे, बोअरच्या जड पाण्याचे. ते अॅसिडने जाईल. फसफस नाही आणि साका तसाच, तर ती सिलिका. त्या तोट्या बदला, लॅटरलचे (तोट्या बसवलेल्या नळ्यांचे) शेवट उघडून जोराने पाणी सोडा, फिल्टरची जाळी ब्रशने घासा. यापेक्षा सोपा उपाय शेतावर करण्यासारखा नाही.

पुढच्या वेळी : सिलिकेट स्वतंत्र टाकीत. आधी टाकीभर पाणी, मग त्यात सिलिकेट ढवळत ओता. उलटे करू नका. आधी २० मिनिटे आणि नंतर २० मिनिटे साधे पाणी चालवा. कॅल्शियम नायट्रेट, फॉस्फोरिक अॅसिड, १२:६१:० आणि ०:५२:३४ ही विद्राव्य खते, जस्त किंवा फेरस सल्फेट, यांतले काहीही त्याच दिवशी नको. बोअरचे पाणी असेल तर फवारणीआधी पारदर्शक बाटलीत लिटरभर पाण्यात त्याच प्रमाणात सिलिकेट कालवून तासभर ठेवा. गढूळ झाले किंवा तळाशी कापसासारखे काही बसले, तर त्या पाण्यात ते वापरू नका.

आता मुळात ते कशाला हवे, हाही विचार करा. द्राक्ष उसासारखे सिलिकॉन ओढत नाही. फवारणीने भुरी या बुरशीच्या रोगाला अटकाव होतो, पण तो बराचसा पानावर बसलेल्या थरामुळे, आणि हाच थर मण्यांवर पांढरा डाग बनतो. म्हणून गोडी छाटणीनंतर (फळासाठीच्या ऑक्टोबरच्या छाटणीनंतर) घड उमलेपर्यंत फवारा. मण्यात पाणी उतरल्यावर अजिबात नको, निर्यातीच्या बागेत तर मुळीच नाही. ‘यातून पालाशही मिळतो’ ही जाहिरात हिशेबात बसत नाही. लिटरला २ मिलिप्रमाणे २०० लिटर फवारले तर बागेला पालाश मिळतो अंदाजे ७० ग्रॅम. तेवढा ०:०:५० या पालाशाच्या खताच्या दीडशे ग्रॅममध्येच येतो.

प्रश्न : सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियमबरोबर कोबाल्ट-मॉलिब्डेनमची पावडर चोळली. उगवल्यावर पहिली पाने पिवळी पडली. गाठी कमी आहेत. (ता. कोरेगाव)

उत्तर : कोबाल्ट सोयाबीनपेक्षा मुळांच्या गाठीतल्या जिवाणूला लागते. त्यापासून जिवाणू जीवनसत्त्व बी-१२ च्या जातीचे रेणू बनवतो आणि नत्र स्थिर करण्याचे काम त्यावर चालते. पण लागते ते नखभर. हेक्टरी २ ते ३ ग्रॅम कोबाल्ट पुरे, म्हणजे एकरी १ ग्रॅम. कोबाल्ट सल्फेटमध्ये २१ टक्के कोबाल्ट असते, म्हणून एकरी ५ ग्रॅम. मात्रा जास्त झाली की रोपाला लोह घेता येत नाही आणि पहिली पाने पिवळी होतात. शिवाय क्षाराची पावडर आणि रायझोबियम एकाच बियाण्यावर चोळले तर जिवाणू मरतात. गाठी कमी असण्याचे कारण बहुधा हेच.

पिवळेपणा सहसा पुढच्या पानांत निघून जातो. नव्या पानांतही शिरा हिरव्या आणि मध्ये पिवळे असे दिसत राहिले तर तो चुनखडीमुळे लोहाचा तुटवडा. फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम आणि सायट्रिक अॅसिड १ ग्रॅम फवारा.

पुढच्या खरिपात बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी पेरणीआधी सावलीत रायझोबियम, १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम. कोबाल्ट फवारणीतून, पेरणीनंतर २५-३० दिवसांनी. ५ ग्रॅम घरच्या काट्यावर मोजता येत नाही, म्हणून ५० ग्रॅम कोबाल्ट सल्फेट १ लिटर पाण्यात विरघळवा, गुलाबी द्रावण होते. त्यातले १०० मिलि एका एकराच्या २०० लिटर पाण्यात. बाटलीवर ‘विष’ लिहून कुलपात ठेवा, हातमोजे घाला. मॉलिब्डेनम पाटण, महाबळेश्वरकडच्या आम्लधर्मी जमिनीत उपयोगी, एकरी १८ ग्रॅम अमोनियम मॉलिब्डेट. तुमच्या ८ च्या वर सामू असलेल्या काळ्या जमिनीत ते आधीच मोकळे असते, ते वगळा.

गाठी पाहायच्या त्या ३५ ते ४० दिवसांनी. रोप उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. खुरप्याने मातीसह काढून पाण्यात धुवा. गाठ नखाने चिरा. आत गुलाबी-लाल असेल तर काम चालू. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती गाठ रिकामी.

प्रश्न : सोडियम उपयुक्त मूलद्रव्य आहे असे वाचले. मग कृष्णाकाठची आमची खारवट जमीन उसाला वाईट का? (ता. मिरज)

उत्तर : सोडियमचा उपयोग बीटसारख्या पिकाला होतो, पालाश कमी असताना काही काम ते भागवते. काही गवतांनाही ते लागते. ऊस, मका, ज्वारी या गटाला लागत नाही. उसाचे उत्पादन तर मातीच्या अर्काची ईसी (क्षारतेचे माप, डेसिसायमन प्रति मीटर) १.७ च्या पुढे गेली की उतरू लागते. सोडियम वाढले की मातीचे कण सुटे होतात, जमीन चिकट होते, मुळे गुदमरतात. जमिनीत सिलिकॉन भरपूर असेल तर पीक सोडियम थोडे कमी ओढते, पण तो जोडीचा आधार. आधी चर किंवा भूमिगत निचरा, मग माती परीक्षणाच्या अहवालाप्रमाणे जिप्सम, मग पाणी देऊन क्षार खाली धुणे, या क्रमाने. निचरा नसताना घातलेले जिप्सम वाया जाते, आणि पाट सोडून सोडून जमीन आणखी चिबडते.

प्रश्न : आल्याच्या एका टॉनिकवर सेलेनियम, व्हॅनेडियम, निकेल लिहिले आहे. घ्यावे का? (ता. कराड)

उत्तर : घेऊ नका. सेलेनियमची गरज माणसाला आणि जनावराला आहे; फिनलंडमध्ये त्यासाठीच १९८० च्या दशकापासून खतात ते मिसळतात. पण जास्तीचे सेलेनियम चाऱ्यातून जनावरांना बाधते, पंजाबच्या नवांशहर-होशियारपूर भागात हे घडले आहे. व्हॅनेडियमचा आल्याला उपयोग झाल्याचा भरवशाचा पुरावा नाही. निकेल १९८७ नंतर आवश्यक अन्नद्रव्यांतच गणले जाते, कारण युरिया मोडणाऱ्या विकरात (एन्झाइममध्ये) ते असते. पण आपल्या जमिनीत वेगळे देण्याइतका तुटवडा सहसा नसतो. बाटलीवर प्रत्येक मूलद्रव्याची टक्केवारी छापलेली नसेल तर ती परत करा, आणि त्या पैशात जस्त आणि लोहासकट माती परीक्षण करून घ्या.